मिंब्रेस वाडगं करताना: आधी माती, मग रेषा, मग ससा

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात मिंब्रेस नावाची एक छोटी नदी आहे. डोंगरातून उतरते, थोडी शेती भिजवते आणि समुद्र न गाठताच वाळवंटात जिरून जाते. तिच्या काठच्या गावांत साधारण इ.स. १००० ते ११३० या काळात जी मातीची वाडगी घडली, त्यांच्यावरची चित्रं बघून आजचे चित्रकारही चकित होतात. बाहेरून साधी, आतून पांढरी, आणि त्या पांढऱ्यावर काळ्या रंगात ससा, मासा, वटवाघूळ, कासव, रानमेंढा, टोळ. चाक नाही, ग्लेझ नाही, रंग एकच.

असं वाडगं आपल्या हातानं करून बघायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हातानं भांडं घडवायचा थोडा सराव असावा, एवढीच अपेक्षा. चाकावर हात बसलेला नसला तरी बिघडत नाही, कारण इथे चाक लागणारच नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. जवळजवळ सगळे नवशिके ससा निवडण्यापासून सुरुवात करतात. कागदावर सुंदर ससा काढतात आणि मग तो वाडग्यात उतरवायला जातात. तो तिथे बसत नाही, कारण वाडगं म्हणजे सपाट कागद नव्हे. मिंब्रेस चित्रांतल्या सशाची पाठ वाडग्याच्या काठाला समांतर वळते आणि त्याच्या भोवतीची पांढरी जागा त्याच्याइतकीच मोजूनमापून सोडलेली असते. त्यामुळे प्राण्याची पाळी शेवटी. लेखातही तो उशिराच येईल.

आधी नुसतं बघा

आजवर नोंद झालेल्या मिंब्रेस भांड्यांची छायाचित्रं दहा हजारांच्या घरात आहेत. 'मिंब्रेस पॉटरी इमेजेस डिजिटल डेटाबेस' या नावानं त्यांचा मोठा संग्रह झाला आहे. प्रत्यक्ष भांडी बघायची तर सिल्व्हर सिटी या गावातल्या वेस्टर्न न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात मोठा साठा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांपैकी कुणी टेक्सासकडून ॲरिझोनाकडे गाडीनं जात असेल, तर फार वाकडी वाट करावी लागणार नाही.

बघताना पहिल्यांदा लक्षात येईल ते हे, की प्राण्यांची वाडगी कमी आहेत. बहुतेकांवर नुसती भूमिती आहे: पायऱ्या, नागमोडी पट्टे, चक्राकार फिरणारे त्रिकोण, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बारीक समांतर रेषांनी भरलेले चौकोन. प्राणी काढणारे हात याच भूमितीवर तयार झाले होते. सशाच्या पोटावर जो नक्षीचा चौकोन दिसतो, तो शेजारच्या वाडग्यात प्राण्याशिवाय एकटाच सापडतो.

एकाच प्राण्याची पाच-सहा वाडगी निवडा आणि वही घेऊन बसा. चित्र उतरवून काढायचं नाही, मोजायचं. काठाखाली किती रेषा आहेत? जाड किती, बारीक किती? प्राणी चौकटीला टेकतो की मधे तरंगतो? तो बाजूनं दिसतो की वरून? चार पायांचे प्राणी आणि पक्षी सहसा बाजूनं दिसतात. कासव, बेडूक, पाल आणि पंख पसरलेलं वटवाघूळ वरून. डोळा पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा आहे की गोल, त्यात ठिपका आहे का, हेही टिपून ठेवा. तासभर असं मोजलंत, की पुढची निम्मी मेहनत वाचते.

शैलीचा क्रमही माहीत असावा. सुरुवातीच्या, म्हणजे साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या भांड्यांवर रेषा जाड आणि जरा अडखळत्या आहेत, नक्षी थेट काठाला भिडते. पुढे रेषा बारीक होत गेली. शेवटच्या, 'क्लासिक' म्हटल्या जाणाऱ्या टप्प्यात काठाखाली चौकटीच्या रेषा आल्या, आणि त्या चौकटीच्या आत प्राण्याला मोकळी जागा मिळाली. आपण ज्या वाडग्याच्या मागे आहोत ते या शेवटच्या टप्प्यातलं.

ही भांडी कुठून आली, हे विसरून चालणार नाही

मिंब्रेस लोक आपल्या मृतांना बऱ्याचदा राहत्या खोलीच्या जमिनीखालीच पुरत. देह गुडघे दुमडून ठेवत आणि डोक्यावर एक वाडगं पालथं घालत. पुरण्यापूर्वी त्या वाडग्याच्या तळाला मधोमध एक छिद्र पाडत. त्यातली बरीच वाडगी आधी घरात वापरलेली होती, आतल्या झिजेवरून ते कळतं. जेवणाचं वाडगं अखेर माणसाबरोबर गेलं.

संग्रहालयांतली अनेक वाडगी अशी कबरींतून आलेली आहेत. १९१४ मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी या भांड्यांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. १९२४ ते १९२७ या काळात कॉसग्रोव्ह दांपत्यानं हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयासाठी स्वार्ट्स या ठिकाणी पद्धतशीर उत्खनन केलं. पण बाजारात भाव चढला तशी लूटही वाढली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी बुलडोझर लावून गावंच्या गावं उकरली: वाडगी विकली गेली, हाडं मातीत विखुरली. पुढे कायदे आले. १९९० च्या संघराज्य कायद्यानं मूळ अमेरिकी लोकांचे अवशेष आणि कबरींतल्या वस्तू त्यांच्या वारसांना परत देण्याची वाट मोकळी केली.

करणाऱ्यासाठी याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. जुनं वाडगं लिलावात दिसलं तर विकत घेऊ नका. आपल्या वाडग्याच्या तळाला 'अस्सल दिसावं' म्हणून छिद्र पाडू नका. ते छिद्र सजावट नव्हतं. आणि एखादं विशिष्ट वाडगं रेषेला रेष लावून उतरवण्यापेक्षा पद्धत शिकून स्वतःचं चित्र काढा. अकोमा या पुएब्लोच्या, म्हणजे मूळ अमेरिकी लोकांच्या गावातल्या, प्रसिद्ध कुंभार लुसी लुइस यांनी विसाव्या शतकात मिंब्रेस आकृत्या पुन्हा आपल्या भांड्यांवर आणल्या. त्यांचं काम बघितलं तर जुनी रेषा नव्या हातात कशी जिवंत राहते ते कळतं. त्यांच्या लोकांचा तो वारसा आहे. आपण पाहुणे आहोत, तेवढं भान पुरे.

माती

मूळ वाडग्यांची माती भाजल्यावर तपकिरी किंवा करडी होणारी आहे, आणि तिच्यात वाळू किंवा ज्वालामुखीच्या खडकाचे कण आहेत. आपल्याकडच्या कुंभाराकडून मिळणारी लाल माती या कामाला चांगली. ती भाजल्यावर लाल होते, पण आतून पांढरा लेप बसणार असल्यानं फरक पडत नाही.

माती आणल्यावर पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून गाळा, कापडावर पसरून घट्ट होऊ द्या आणि मग तिच्यात बारीक चाळलेली वाळू मळा. पाच भाग मातीला एक भाग वाळू इथून सुरुवात करा. उघड्यावर भाजणार असाल तर वाळू थोडी वाढवा, कारण झळ अचानक लागली की वाळू नसलेली माती तडकते. समुद्राची वाळू घेऊ नका. तिच्यातलं मीठ पृष्ठभागावर फुलतं, आणि शिंपल्यांचे तुकडे भाजल्यानंतर ओल खाऊन फुगतात आणि वरचे टवके उडवतात.

आता या मातीच्या पाच-सहा छोट्या पट्ट्या करून बाजूला ठेवा. लेप आणि रंग आधी त्यांच्यावर तपासायचे आहेत. हे टाळण्याचा मोह होतो. टाळू नका.

वाडगं घडवणं

मिंब्रेस वाडगी बहुतेक २० ते ३० सेंटिमीटर व्यासाची, अर्ध्या गोलासारखी. पहिल्या खेपेला २२ सेंटिमीटरचं योजा. माती सुकताना आणि भाजताना साधारण दहा टक्के आटते, म्हणजे ओलं वाडगं २४-२५ सेंटिमीटरचं हवं. याहून लहान वाडग्यात हात नीट वळत नाही आणि रेषा अडते.

तळाला आधार म्हणून एखादी उथळ कढई किंवा जुनं मातीचं झाकण घ्या आणि आत सुती कापड पसरा. पुएब्लो कुंभारही असाच उथळ साचा वापरतात. त्यात मातीची चकती दाबून बसवा आणि तिच्या कडेवर बोटाएवढ्या जाड वळ्या चढवत जा. प्रत्येक वळी आतून खाली आणि बाहेरून वर ओढून जोडायची. दोन-तीन वळ्या झाल्या की थांबायचं, भिंत थोडी घट्ट होऊ द्यायची. घाई केली तर वाडगं पसरून ताटली होते.

आकार आला की खरवडायला घ्या. पुएब्लो कुंभार यासाठी सुकलेल्या भोपळ्याच्या कवटीचे तुकडे वापरतात, आपल्याला नारळाच्या करवंटीचा घासून गोल केलेला तुकडा चालतो. भिंत सगळीकडे पाच-सहा मिलिमीटर राहील असं बघा. आतली बाजू जास्त जपा. तळ आणि भिंत यांच्यामध्ये कोन राहता कामा नये, वळण सलग हवं. इथे खड्डा राहिला, तर पुढे तुमची रेषा नेमकी तिथेच उडी मारेल आणि तुम्ही कुंचल्याला दोष द्याल.

पांढरा लेप

सगळ्यात जास्त वाडगी बिघडतात ती इथे. मूळ कुंभार केओलिनचं प्रमाण जास्त असलेली पांढरी माती पाण्यात कालवून आतल्या बाजूला पसरत. आपल्याकडे सिरॅमिकच्या दुकानात केओलिन, म्हणजे चिनी माती, सहज मिळते. पण नुसती चिनी माती कमी तापमानाला नीट चिकटत नाही, पापुद्रे निघतात. म्हणून सहा भाग चिनी माती, तीन भाग बॉल क्ले (बारीक कणांची चिकट माती) आणि एक भाग पारदर्शक फ्रिट (वितळवून दळलेल्या काचेची पूड) असं मिश्रण घ्या. फ्रिट ही आजची सोय आहे, मिंब्रेस कुंभाराकडे ती नव्हती. शुद्धतेचा आग्रह असेल तर ती वगळा, पण मग पट्ट्यांवरची चाचणी दुप्पट काळजीनं करा.

गणपतीच्या दिवसांतली उरलेली शाडू घरोघरी असते आणि ती पांढरट दिसते, म्हणून तीच वापरावी असं वाटतं. शाडूचा कच्चा रंग आणि भाजलेला रंग एकच राहील याची खात्री नाही. पट्टीवर भाजून बघा, मगच ठरवा.

मिश्रण रात्रभर भिजवून बारीक कापडातून गाळा. दाटसर दुधाइतकं पातळ ठेवा. वाडगं अर्धवट सुकलेलं, म्हणजे बोट दाबलं तर ठसा उमटणार नाही पण स्पर्शाला गार लागेल, अशा अवस्थेत असताना मऊ कापडानं पहिला हात द्या. ओलेपणाची चमक गेली की दुसरा, मग तिसरा. एक जाड थर दिलात तर तो हमखास भेगाळतो. काठावरून बाहेर दोन-तीन बोटं लेप येऊ द्या, मूळ वाडग्यांवरही तो बऱ्याचदा असाच बाहेर ओघळलेला असतो.

तिसरा हात सुकत आला, की नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन आतली बाजू घोटा. आरशासारखी चमक आणायची गरज नाही. कुंचला अडणार नाही इतका पृष्ठभाग बंद झाला की पुरे. फार घोटलं तर रंग धरत नाही. घोटून झालं की वाडगं सावलीत, वरून कापड टाकून, खडखडीत वाळू द्या.

तळाला नाव, साल आणि मातीचं मिश्रण याच वेळी, ओल आहे तोवर, कोरून ठेवा. पुढे कुणी ते जुनं म्हणून विकू नये, आणि पुढच्या वाडग्याच्या वेळी तुम्हाला आठवत बसावं लागू नये.

कुंचला आणि रंग

नैऋत्येतल्या पुएब्लो कुंभारांचा जुना कुंचला युक्का या झाडाच्या पानाचा. पानाची अरुंद पट्टी कापायची, एक टोक चावून गर काढायचा, आणि उरलेले चार-सहा लांब तंतू म्हणजे कुंचला. युक्का आपल्याकडे काही बागांत दिसते. पण तिचा जवळचा नातलग आपल्या बांधाबांधावर उभा आहे: घायपात, म्हणजेच केकताड. तोही मूळचा अमेरिकेतलाच. त्याच्या पानाची बोटभर लांब पट्टी घ्या, टोक दगडानं ठेचा, पाण्यात धुऊन गर काढा. चावू मात्र नका. घायपाताच्या रसानं तोंड आणि कातडी चांगलीच जळजळते. हातमोजे घालूनच काम करा. तंतू स्वच्छ झाले की हवे तेवढे ठेवून बाकीचे कापा: जाड रेषेसाठी दहा-बारा, बारीक भरणीसाठी तीन-चार.

हे जमलं नाही तर दुकानातला लांब केसांचा, सरळ रेषेसाठीचा बारीक कुंचला घ्या. केस लांब हवेत, ही एकच अट. आखूड कुंचल्याच्या टोकानं रेष काढली जाते, तर लांब कुंचला रंगासकट पृष्ठभागावर आडवा टेकवून आपल्याकडे ओढायचा असतो. हाताची थरथर त्या लांबीत जिरते. बोटांनी काढू नका, कोपरापासून ओढा, आणि वळण आलं की हाताऐवजी वाडगं फिरवा.

रंगासाठी लोह असलेली माती लागते. चांगला तांबडा गेरू दगडी खलात पाण्याबरोबर घोटा, अगदी बोटांत कण लागेनासे होईपर्यंत. त्यात चिमूटभर लाल मातीचा गाळ आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्याचे काही थेंब घाला. पुएब्लो कुंभार रानातल्या एका वनस्पतीचा काढा आटवून तो रंगात मिसळतात. डिंक इथे तेच काम करतो: रंग पसरू देत नाही आणि भाजेपर्यंत धरून ठेवतो. पट्टीवर रेष ओढून बघा. कडा पसरल्या तर रंग पातळ आहे, रेष मधेच तुटली तर जाड.

रेषा

आता वाडगं मांडीवर घ्या आणि प्राण्याचा विचार अजून बाजूला ठेवा.

पहिली रेष काठावरची. मग तिच्याखाली थोडी जागा सोडून चौकटीच्या रेषा: समजा एक जाड, तिच्याखाली चार बारीक, पुन्हा एक जाड. डाव्या हाताच्या बोटाचं पेर काठावर टेकवून अंतर राखा आणि वाडगं हळूहळू फिरवत जा. रेष जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. मिळाली नाही तर जोड लपवायला नक्षी लावू नका, तशीच राहू द्या. कित्येक जुन्या वाडग्यांत हा जोड नीट शोधला की सापडतो.

चौकटीनंतर वाडग्याची विभागणी. दोरा व्यासाएवढा ताणून कोळशाच्या काडीनं दोन किंवा चार खुणा करा. कोळसा भट्टीत जळून जातो, त्यामुळे चिंता नाही. मिंब्रेस रचना बहुतेक वेळा फिरत्या असतात: दोन प्राणी एकमेकांच्या उलट दिशेनं, किंवा चार आकृत्या चक्रासारख्या. वाडगं कुठूनही हातात घेतलं तरी चित्र सरळच दिसतं. जेवणाच्या भांड्याला वरची बाजू नसते, हे त्यामागचं साधं कारण असावं, असं मला वाटतं.

पहिलं वाडगं प्राण्याशिवायच करा, हा माझा आग्रह आहे. फक्त चौकट आणि चार त्रिकोण, आत बारीक समांतर रेषा. कंटाळवाणं वाटेल. पण एका त्रिकोणात वीस रेषा एकसारख्या अंतरानं ओढता येऊ लागल्या, की सशाचं पोट भरणं खेळ वाटतं. जुन्या वाडग्यांत काही ठिकाणी या रेषा मिलिमीटरहून बारीक आहेत. त्या गाठायच्या नादात सुरुवातीला पडू नका, आधी अंतर समान ठेवा. बारीकपणा मागून येतो.

चुकलेली रेष पुसता येत नाही. धारदार पात्याच्या टोकानं हलकेच खरवडता येते, पण त्यासोबत लेपही निघतो आणि भाजल्यावर तिथे खालची माती डोकावते. एखादी चूक तशीच ठेवणं बरं.

आता प्राणी

कासवापासून सुरुवात करा. वरून दिसणारं कासव म्हणजे गोलात गोल, वाडग्याच्या तळाला ते आपोआप बसतं. पाठीच्या जागी तुम्ही आधी सराव केलेली नक्षी, चार पाय चार खुणांवर, डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे. बाह्यरेषा आधी, मग आतली चौकट, मग भरीव काळे भाग, आणि बारीक भरणी सगळ्यात शेवटी. हाच क्रम प्रत्येक प्राण्याला.

मासा त्यानंतर. मिंब्रेस माशांची एक गोष्ट मला फार आवडते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या चित्रांतल्या माशांच्या जाती ओळखायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यातले बरेच मासे कॅलिफोर्नियाच्या आखातातले, समुद्रातले निघाले. म्हणजे काही चितारी शेकडो किलोमीटर चालून समुद्र बघून आले असावेत, अशी मांडणी पुढे आली. वाळवंटातल्या गावात बसून समुद्रातला मासा नेमक्या परांसह काढणं हे ऐकीव माहितीवर होत नाही. तुम्हीही तेच करा. बांगडा खाल्ला असेल, पापलेट बाजारात उलटसुलट करून बघितला असेल, तर तोच काढा. पराची जागा, कल्ल्याची रेष, शेपटीची फाक ही खरी ठेवा, आणि अंगावर मात्र खवल्यांऐवजी नक्षी भरा. या शैलीचा जीव याच जोडीत आहे: बाह्यरेषा निरीक्षणातून आलेली, आतला भाग पूर्णपणे भूमितीचा.

मग ससा. कान मागे पडलेले, पाठ कमानीसारखी, मागचा पाय दुमडलेला. पाठीची रेष आधी ओढा, आणि ती चौकटीच्या रेषेला समांतर ठेवा. बाकी सगळं तिच्यावर टांगायचं आहे. पोटात एक पांढरा चौकोन सोडून त्यात भरणी, उरलेलं अंग भरीव काळं. डोळ्यासाठी काळ्यात पांढरी जागा आधीच राखून ठेवावी लागते, नंतर पांढरा रंग लावता येत नाही. गालाझ या ठिकाणच्या एका वाडग्यात सशाचं अंगच चंद्रकोरीसारखं वळलं आहे आणि त्याच्या पायाशी किरणं असलेली गोल चकती आहे. १०५४ मध्ये आकाशात स्फोट होऊन दिवसाही दिसलेला तारा तो हाच, असा तर्क काही खगोलअभ्यासकांनी मांडला आहे. तो तर्क मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. चंद्रावर ससा बघण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असल्यामुळे ती वळलेली पाठ मात्र लगेच ओळखू येते.

वटवाघूळ, चोचीत मासा धरलेला लांब मानेचा पक्षी, मोठ्या वळणदार शिंगांचा रानमेंढा हे पुढच्या वाडग्यांसाठी. मकाव पोपटही या भांड्यांवर आहेत. ते त्या खोऱ्यात जंगली नव्हते, दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या उष्ण जंगलांच्या बाजूनं आणलेले होते, आणि त्यांचे सांगाडेही तिथल्या गावांत सापडले आहेत. मूळ चित्रांत माणसाचे पाय असलेले मासे आणि दोन प्राण्यांचे संकरही दिसतात. तसल्या आकृत्यांमागे त्या लोकांच्या कथा होत्या, त्यामुळे निव्वळ गंमत म्हणून तशी भर घालायला माझा हात धजत नाही. आजूबाजूचा प्राणी नीट बघून काढणं जास्त प्रामाणिक वाटतं.

भाजणं

एकच गेरू, पण भाजताना हवा किती मिळते त्यावर रंग ठरतो. भरपूर हवा असेल तर लोह तांबडं किंवा तपकिरी होतं. तापलेलं असताना हवा तोडली तर त्याच लोहाचं काळं मॅग्नेटाइट होतं, आणि थंड होताना पुन्हा हवा लागली की काळं परत तांबडं पडू शकतं. मूळ वाडग्यांतही काही पूर्ण काळी, काही तपकिरी, काही अर्धी-अर्धी आहेत. एकाच सशाचे कान लाल आणि शेपूट काळी असं दिसलं, की आगीत हवा कुठून शिरली ते समजतं.

विजेची भट्टी हाताशी असेल तर काम सोपं. पहिले दोन-तीन तास १०० अंश सेल्सिअसच्या आत ठेवून उरलेली ओल काढा, मग ताशी १०० अंशांच्या गतीनं ६०० पर्यंत, आणि पुढे थोडं वेगानं ९०० ते ९५० अंशांपर्यंत. या भट्टीत हवा असते, त्यामुळे गेरू तांबडा-तपकिरी येईल, आणि पांढऱ्यावर तोही देखणा दिसतो. विजेच्या भट्टीत काळाच हवा असेल तर दोन भाग गेरूत एक भाग मँगनीज डायऑक्साइड घोटा. त्याची पूड आणि भट्टीतली वाफ दोन्ही विषारी. मास्क लावा, भट्टी बंद खोलीत चालवू नका, लहान मुलांसोबत काम करत असाल तर हा मार्ग सोडूनच द्या.

उघड्यावर भाजायचं तर कोरडा, वारा नसलेला दिवस निवडा. पावसाळा विसरा. जमिनीत वीतभर खोल खड्डा घ्या, त्यात लाकडं जाळून निखारे करा, म्हणजे जमिनीतली ओल जाते. वाडगं आधी आगीच्या कडेला फिरवत फिरवत हाताला सोसणार नाही इतकं तापवा. मग निखाऱ्यांवर दगड मांडून त्यावर वाडगं पालथं ठेवा आणि भोवती व वर फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या रचा. जळण थेट लेपाला लागलं तर काळा डाग पडतो आणि तो जात नाही. खापऱ्यांवर गोवऱ्यांचा ढीग रचून पेटवा. ढिगाच्या फटीतून बघितलं की खापऱ्या मंद लाल दिसायला हव्यात. धूर संपून नुसती झळ उरली, वाडगं लाल तापलं, की सगळा ढीग बारीक राखेनं आणि वरून कोरड्या मातीनं पूर्ण झाका. कुठूनही धुराची रेघ निघाली तर तिथे आणखी माती टाका.

झाकण्याची वेळ हीच खरी कसोटी. धूर असतानाच झाकलं तर काजळी लेपात शिरून पांढरं राखाडी होतं, उशीर केला तर काळं तांबडं होऊन बसतं. जवळच्या गावात आवा लावणारा कुंभार असेल तर पहिल्या वेळी त्याला सोबत घ्या. आगीचा रंग वाचायला तो एका दुपारी जेवढं शिकवेल तेवढं कुठल्याही लेखातून मिळणार नाही, याही लेखातून नाही.

मग रात्रभर हात लावू नका. सकाळी माती कोमट वाटली तरी दुपारपर्यंत थांबा. गरम असताना उघडलं तर दोन नुकसानं एकदम: रंग उतरतो आणि वाडगं तडकतं.

बाहेर काढल्यावर मऊ कोरड्या कुंचल्यानं राख झाडा. लेपाचे पापुद्रे निघत असतील तर लेप फार जाड झाला किंवा वाडगं जास्त सुकल्यावर लावला गेला. बोट फिरवल्यावर रंग पुडीसारखा हाताला आला तर तापमान कमी पडलं किंवा रंगात मातीचा गाळ कमी होता. असं वाडगं विजेच्या भट्टीत पुन्हा भाजता येतं, मात्र काळा रंग त्यात तांबडा होईल. टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक भेग आहे, उजेडासमोर धरून शोधा.

हे वाडगं सच्छिद्र असतं, म्हणून त्यात पातळ पदार्थ किंवा तेलकट काही ठेवू नका. मँगनीज वापरलं असेल तर खाण्याच्या कुठल्याच वस्तूला लावू नका. भिंतीवर लावायचं असेल तर भोक न पाडता तारेच्या कड्यात बसवा, आणि आतली बाजू समोर येऊ द्या.